एका गिऱ्हाइकाला एकच प्रश्न

“शेठ, या इंजिनाच्या गाडीत कुणी मेलंय का?”

एवढाच प्रश्न. सात शब्दांचा. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत तो विचारायची पैज भिंगरीने डब्याचं झाकण बाकावर आपटून स्वीकारली, तेव्हा तो तिला हातचा मळ वाटला होता.

त्यालाही कारण होतं. महिन्यापूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात ‘हजर’ म्हणतानाही घामाघूम व्हायची. मग बाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेला ढकललं, तिने डोळे मिटून तोंड उघडलं आणि पहिला नंबर घेऊनच ते मिटलं. मिटलं म्हणायचं आपलं. तेव्हापासून ते कायम उघडंच होतं. पोस्टमन, दुकानदार, रस्त्यात बंद पडलेल्या रिक्षातले अनोळखी प्रवासी, कुणालाही तिने सोडलं नव्हतं. घरात भिंगरी हे लाडाचं नाव होतं, आता ते हवामानाच्या इशाऱ्यासारखं वापरलं जायचं.

“जगात असा माणूस जन्माला यायचाय, ज्याच्यासमोर माझी बोबडी वळेल,” ती मैत्रिणींना म्हणाली.

“जन्माला आलाय,” जिराफ म्हणाली. जिराफ म्हणजे तिची उंच मैत्रीण, जिला वर्गातल्या पंख्यावरची धूळ उभ्या उभ्या दिसायची. “उद्या तू बाबांबरोबर इंजिन आणायला जाणार आहेस ना? मग भेटेलच. एकवचनी.”

भिंगरीच्या हातातला घास हातातच राहिला.

एकवचनी हा गावाच्या टोकाला जुन्या इंजिनांचं गोदाम चालवायचा. त्याच्या दारावर पत्र्याची पाटी होती: ‘एका गिऱ्हाइकाला एकच प्रश्न’. लोक येतात, दोन-दोन तास डोकं खातात आणि काही न घेता जातात, म्हणून वीस वर्षांपूर्वी त्याने हा नियम केला होता. इंजिनाची किंमत इंजिनावरच लिहिलेली. त्यापलीकडे एक प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर मिळायचं आणि मग दुकान उघडं असलं तरी त्याचं तोंड बंद. उत्तर मात्र कधीही खोटं नसायचं.

“तिथलं प्रत्येक इंजिन मेलेल्या माणसाच्या गाडीतलं असतं म्हणे,” बॅटरी चष्मा पुसत म्हणाली. बॅटरी हे नाव त्या चष्म्यामुळेच पडलेलं. “रात्री कुणी किल्ली न लावता आपोआप सुरू होतात. हिंमत असेल तर त्यालाच विचार.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सांगायचं, मी भित्री भागूबाई आहे म्हणून.”

झाकण आपटलं गेलं ते तेव्हा.

इंजिन आणायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. भिंगरीचे बाबा त्यांच्या पिकअपमधून काचा आणि आरसे पोचवायचे. मंगळवारी मोठ्या चढावर, मागे सहा आरसे बांधलेले असताना, पिकअपने एक हुंदका दिला, काळा धूर सोडला आणि प्राण सोडला. बाबा उतरून मागे गेले तर सहाच्या सहा आरशांत त्यांचा पांढराफटक चेहरा. एकाच माणसाची एवढी भीती एका वेळी पाहायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

ज्या दुकानाच्या काचा ते पोचवायचे, त्याच्या मॅनेजरने निरोप धाडला: सोमवारी सकाळी गाडी दारात दिसली तर काम तुमचं, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. काम गेलं तर पुढे काय, हेही घरात ठरून गेलं होतं. मोठ्या काकांचा दुसऱ्या शहरात कारखाना होता. बाबांनी तिकडे जायचं, तिथेच राहायचं, दोन महिन्यांतून एकदा घरी यायचं. हे बोलणं आईबाबांनी भिंगरी झोपलीय असं समजून केलं होतं. भिंगरी झोपली नव्हती. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी त्यावर एक अक्षर बोलू शकली नव्हती.

नवं इंजिन परवडणारं नव्हतं. राहिलं एकवचनीचं गोदाम.

शनिवारी शाळा सुटल्यावर भिंगरी आणि आईबाबा आधी गाडीच्या मिस्त्रीकडे गेले. त्याची पाठ धरली होती. गॅरेजमध्ये सतरंजीवर उताणं पडून तो छताकडे बघत बोलत होता.

“काचवाले, नीट ऐका. नंबर या पुठ्ठ्यावर लिहिलाय, त्याच नंबरचं इंजिन आपल्या गाडीला बसतं. तेलाचं झाकण काढून आत बघा. पाना लावून हाताने फिरवून बघा. आणि त्याला प्रश्न एकच विचारायचा: हे इंजिन गाडीतून का उतरवलं? इंजिन बिघडलं म्हणून उतरवलं असेल, तर हात जोडा आणि निघा. गाडी मोडली पण इंजिन चांगलं होतं म्हणून उतरवलं असेल, तर डोळे मिटून घ्या. उद्याच्या दिवसात बसवून देतो. पाठीवर झोपून बसवीन, पण बसवीन.”

“का उतरवलं,” बाबा पुटपुटले. “का उतरवलं. का उतरवलं.”

“बाबा, तुम्ही नका बोलू. मी विचारते,” भिंगरी म्हणाली.

कुणीही हरकत घेतली नाही. इतकी वर्षं काच वाहून बाबांचा स्वभावच काचेचा झाला होता. दाराला धक्का लागला तर ते दाराची माफी मागायचे. आईचं निराळंच. तिला कुणाशीही तुटक बोलता यायचं नाही. चुकून लागलेल्या फोनवरसुद्धा ती समोरच्याच्या घरची ख्यालीखुशाली विचारूनच फोन ठेवायची. एकवचनीसमोर या दोघांना उभं करणं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात दोन ससे सोडून त्यांना सुसंवाद साधायला सांगण्यासारखं होतं.

शेजाऱ्यांचा टेम्पो मागून घेतला आणि चार वाजता तिघं गोदामाशी पोचले. पाचला ते बंद व्हायचं.

आत पाऊल टाकलं आणि भिंगरीच्या घशातलं सगळं वक्तृत्व गिळलं गेलं. लांबलचक पत्र्याची शेड. वरून साखळ्या लोंबत होत्या आणि साखळ्यांना इंजिनं टांगलेली, खाटकाच्या दुकानातल्यासारखी. जमीन तेलाने काळी, चपलांना चिकटणारी. कुठेतरी टप, टप, टप असं काहीतरी गळत होतं. आणि शेवटच्या टोकाला, कुठल्यातरी गाडीतून उपटलेल्या सीटवर, टेबलामागे तो बसलेला. गंजून घट्ट बसलेल्या नटासारखा चेहरा. भुवया अशा, की त्यांनीच बोल्ट पिळावेत.

त्याने पुठ्ठ्यावरचा नंबर वाचला आणि बोटाने एका कोपऱ्याकडे दाखवलं.

तिथे फळ्यांवर दोन इंजिनं ठेवलेली होती. दोन्हींचा नंबर जुळत होता. किंमतही सारखीच. उजवं चंदेरी रंगाने चकचकीत, लग्नाला निघाल्यासारखं. डावं धुळीने माखलेलं, गाडीला बोल्टने बांधायचा पुढचा एक कान तुटलेला, पंख्याचं पातं अर्धं गायब, तारा उपटून काढल्यासारख्या लोंबत.

“चांदीचं छान आहे,” आई कुजबुजली.

“थांब, विचारून येते,” भिंगरी म्हणाली आणि टेबलाकडे चालू लागली. का उतरवलं. का उतरवलं. शब्द जिभेच्या टोकावर अगदी रांगेत उभे होते.

आणि तेवढ्यात तिची नजर खिडकीबाहेर गेली. कुंपणाच्या भिंतीवर जिराफाचं डोकं उगवलेलं. शेजारी, सायकलच्या कॅरिअरवर उभं राहून मिळवलेल्या उंचीवर, चष्म्याची दोन भिंगं चमकत होती. साक्षीदार हजर.

एकवचनीने भुवया वर उचलल्या. शेडमध्ये फक्त टप, टप. भिंगरीच्या तोंडात दोन प्रश्न एकमेकांना धक्काबुक्की करत होते आणि जो आडदांड होता तो पुढे घुसला.

“शेठ, या इंजिनांच्या गाड्यांत कुणी मेलंय का?”

बोलून झाल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं. अंगातलं रक्त थेट चपलांत उतरलं.

एकवचनीने एकदा त्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “डाव्यात. एकजण.”

भिंतीपलीकडे दोन्ही डोकी एकदम नाहीशी झाली आणि सायकल आडवी पडल्याचा आवाज आला.

“शेठ, नाही, म्हणजे मला खरं तर असं विचारायचं होतं...”

त्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि समोरचे नट आकाराप्रमाणे डब्यांत टाकायला लागला.

भिंगरी परत आली तेव्हा आईबाबांनी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“काय म्हणाला?”

“डाव्या गाडीत एकजण मेलाय.”

“हे त्याने आपणहून सांगितलं?”

“मी विचारलं.”

बाबा खाली बसायला गेले, पण खाली तेल होतं म्हणून अर्धेच बसले आणि तसेच राहिले. “अगं, आपला एकच प्रश्न होता.”

“एका गिऱ्हाइकाला एक,” भिंगरी म्हणाली. बुडत्याला काडीचा आधार, तसा हा शब्द तिला सापडला होता. “मी एक गिऱ्हाईक. तुम्ही दुसरे. बाहेर जा, परत आत या आणि तुम्ही आम्हाला ओळखत नाही.”

“मी तुम्हाला ओळखत नाही,” बाबा घाबरून म्हणाले.

“का उतरवलं, एवढंच विचारायचं.”

बाबा बाहेर गेले. परत आत आले. बायको-मुलीकडे न बघता जायचं म्हणून मान इतकी वळवून चालले की एका लोंबत्या इंजिनाला धडकले आणि त्याची माफी मागितली. टेबलापाशी पोचले. ओठ हलले. एकवचनीने काहीतरी उत्तर दिलं. बाबा परतले, तेव्हा त्यांच्या कपाळावर दव पडल्यासारखं झालं होतं.

“काय म्हणाला?”

“सव्वाचार.”

“म्हणजे?”

“सव्वाचार वाजलेत.”

“बाबा, तुम्ही त्याला किती वाजले विचारलंत?”

“त्याने माझ्याकडे बघितलं गं,” बाबा म्हणाले. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि तेही सव्वाचारच दाखवत होतं.

राहिली आई. आईने पदर खोचला, ओळखू येऊ नये म्हणून पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि रणांगणावर निघाल्यासारखी निघाली. भिंगरीने डोळे मिटले. तिला आईचा आवाज ऐकू आला, मग शांतता, मग त्या माणसाचा जाड आवाज, मग पुन्हा आई, आणि आईच, बराच वेळ. आशा वाढत गेली.

आई आली ती हसऱ्या चेहऱ्याने.

“गुडघे दुखतात त्याचे,” ती म्हणाली. “बाकी बरं आहे.”

भिंगरीने कपाळावर हात मारला.

“अगं, मी गेले तर तो उठायला गेला आणि कळवळला. मग माणूस विचारेलच ना, तब्येत काय म्हणते म्हणून. वीस वर्षांत कुणी विचारलं नसेल बिचाऱ्याला. शेक कसा घ्यायचा ते सांगितलं मी. ऐकत होता हो नीट.”

“आणि इंजिन?”

“ते विचारलं मग. पण त्याने पाटी दाखवली. वाईट वाटलं त्यालाही, दिसत होतं.”

तीन गिऱ्हाइकं, तीन प्रश्न, तीन खरीखुरी उत्तरं: कुणीतरी मेलंय, सव्वाचार वाजलेत, गुडघे दुखतात. एवढ्या माहितीवर जगात कुणी इंजिन घेतलं नसेल.

“उजवं घेऊ,” आई म्हणाली. “स्वच्छ आहे. मेलेल्या माणसाचं काही घरात नको.”

बाबा उजव्या इंजिनाजवळ उकिडवे बसले होते. रंगाची एक जागा अंगठ्याच्या नखाने हळूच खरवडत होते, काचेच्या कडेला बघतात तसं, डोळा अगदी टेकवून.

“ही पुट्टी आहे,” ते म्हणाले.

“कसली?”

“खिडकीच्या चौकटीत काच बसवताना लावतो ती. चिरेत भरलीय आणि वरून रंग मारलाय.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच थरथरत नव्हता. “आयुष्यभर हेच लावलंय मी. हे तडकलेलं आहे. इथून इथपर्यंत.”

भिंगरीने तेलाचं झाकण काढलं. आत तेलाचा थेंब नाही, घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख. बाबांनी पाना लावून फिरवलं. इंजिन सहज फिरलं, अगदीच सहज, आवाज न करता, रिकाम्या डब्यासारखं.

मग तिघांनी डाव्याकडे बघितलं.

“फिरवून तर बघू,” भिंगरी म्हणाली आणि पाना बाबांकडे सरकवला. बाबांनी तो आईकडे सरकवला. आईने दोघांकडे असं बघितलं की पाना पुन्हा भिंगरीकडे आला. तिने तो लावला, जोर केला. इंजिन जागचं हलेना. दोन्ही हात लावले, पाय फळीला टेकवून ओढलं. ते जड जड अडून राहिलं, मग फिरलं.

आणि इंजिनाने एक लांब सुस्कारा टाकला. हुस्स.

पुढच्या क्षणी तिघंही टेम्पोमागे होते. तिथपर्यंत कोण कसं पोचलं, हे त्यांपैकी कुणालाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. आईची एक चप्पल आत राहिली होती.

“श्वास सोडला त्याने,” आई म्हणाली.

“त्यानेच सोडला,” बाबा म्हणाले. “त्या एकजणाने.”

भिंगरीला मुळीच विचार करायचा नव्हता, पण डोकं आपोआप चालायला लागलं. ज्या इंजिनात दम असतो, तेच हवा कोंडून धरतं. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरलं की दांडा कसा अडून बसतो. पंप फुटका असेल तर दांडा सुळकन आत जातो. उजवं तसंच सुळकन फिरलं होतं.

“बाबा, मिस्त्रीकाकांना फोन लावा,” ती म्हणाली.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. “हुस्स केलं? जड फिरलं? मग दम आहे त्यात. कंप्रेशन म्हणतात त्याला. पण का उतरवलं ते विचारलंत की नाही?”

बाबांनी फोन ठेवून दिला.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. आत एकवचनी एका हाताने गुडघा धरून उठला आणि शटरची काठी शोधायला लागला.

“दुसरीकडे बघू एखादं,” आई म्हणाली.

“कुठं? परवा सोमवार,” बाबा म्हणाले. “आणि अगं, मला तरी ते कसं चालवता येईल? माझ्या गाडीत मागे आरसे असतात. एखाद्या आरशात माझ्याशेजारी कुणी बसलेलं दिसलं तर मी गाडी कुठं घालीन, सांग.” मग ते थोडं थांबले आणि खाली बघून म्हणाले, “जाऊ दे. दादाला कळवतो, येतो म्हणून. कारखान्यात खोलीसुद्धा आहे म्हणाला.”

ते इतक्या हळू म्हणाले, की ते ऐकू येऊ नये असंच त्यांना वाटत असावं. भिंगरीला ऐकू आलं. तिच्या डोळ्यांसमोर बाबांची खुंटी आली, संध्याकाळी ज्यावर त्यांचा शर्ट टांगलेला असतो ती. दोन महिने रिकामी. त्या इंजिनातला माणूस आणि ही रिकामी खुंटी, दोन्ही तिने मनात शेजारी शेजारी ठेवून बघितले. माणूस भयंकर होता, पण खुंटीकडे तर बघवतच नव्हतं.

आणि तेव्हा तिला ते दिसलं. इतकं समोर होतं की आपल्याच शहाणपणाची तिला लाज वाटली.

“आई, तो माणूस मेला तेव्हा गाडी चालू होती.”

“काय बोलतेस तू?”

“चालू होती, म्हणजे इंजिन चांगलं होतं. गाडी मोडली. इंजिन मोडलं नाही. मिस्त्रीकाकांचं उत्तर मिळालंय आपल्याला. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नातून आलं.”

“उभ्या गाडीत झोपेत गेला असेल तर?” बाबा म्हणाले. भीती माणसाला फार हुशार करते.

“मग पंख्याचं पातं कुणी तोडलं? तो कान कुणी उडवला?”

बाबा वाकून शेडच्या आत, डाव्या इंजिनाकडे बघायला लागले. आई एका पायात चप्पल घालून उभी होती आणि तिचा चेहरा आता रडवेला झाला होता. आत शटर अर्धं खाली आलं. एकवचनी वाकून त्याखालून त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या हातात आईची चप्पल होती.

भिंगरीने लांब श्वास घेतला. स्पर्धेत घेतला होता तसाच, फक्त या वेळी डोळे उघडे ठेवून.

“माझं ठरलंय,” ती आईबाबांना म्हणाली. “आपण डावं घ्यायचं. टेम्पोत मागे त्याची दोरी धरून घरापर्यंत मी बसणार. आणि आई, तू माझ्या शेजारी बसून माझा हात धरायचास. पण खालून, कुणाला दिसणार नाही असा.”